दिवा विझवण्याआधी दाब मोजणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुमचे आभार तर मानायचेच आहेत, पण तुम्ही जे केलंत ते माझ्या एका गाडीपुरतं राहू नये असंही मनापासून वाटतं. जुनी मोटरसायकल सांभाळणाऱ्या माणसाला ऑईलचा लाल दिवा कधी ना कधी दिसतोच, आणि तेव्हा शेजारी तुमच्यासारखं कोणी असेलच असं नाही.

गाडीची तक्रार तुम्हाला पाठ आहे, इतरांसाठी थोडक्यात सांगते. गाडी दोन सिलिंडरची, माझ्याकडे येण्याआधी बऱ्याच हातांतून गेलेली. चावी फिरवली की दिवा लागायचा, इंजिन सुरू झालं की लगेच विझायचा. इथपर्यंत सगळं बरोबर, कारण चावी दिल्यावर दिवा लागलाच नाही तर बल्ब किंवा वायर गेली असं समजायचं. पण गाडी चांगली तापली आणि स्लो स्पीडवर उभी राहिली की दिवा लुकलुकू लागायचा. थोडी रेस दिली की जायचा. पुढे एकदा तो चालत्या गाडीत लागला आणि रेस देऊनही गेला नाही.

मी रस्त्याकडेला थांबून तुम्हाला फोन केला. तुम्ही गाडी कुठली, किती चालली, काहीच विचारलं नाहीत. पहिला प्रश्न, “इंजिन बंद केलंस ना?” भोवती जमलेले लोक सांगत होते की हळूहळू घ्या, पोचेल घरी. तुम्ही म्हणालात, एक किलोमीटरसुद्धा नाही, टेम्पोत घालून आण. त्या एका वाक्यासाठी मी तुमची कायमची ऋणी आहे. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा, आणि त्याला आधार देणारं बेअरिंग यांच्यामधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी असते. तेवढ्या जागेत दाबाने ढकललेलं ऑईल असतं म्हणूनच धातूला धातू लागत नाही. दाब गेला की तो पातळ थर तुटतो आणि बेअरिंग खरवडून निघायला फार वेळ लागत नाही. तिथे गाडी हळू चालवण्याचा काही उपयोग नाही, उलट कमी आरपीएमला पंपही कमीच ऑईल ढकलतो.

गाडी तुमच्याकडे पोचली तोवर माझ्याजवळ दोन सल्ले जमले होते. एका वर्कशॉपने गाडीला हात न लावता सांगितलं होतं की इंजिन उघडावं लागेल, बेअरिंग गेलंय. ओळखीतले बाकीचे म्हणत होते, जुन्या गाड्यांचा स्विच खराब होतोच, वायर काढून टाक आणि चालव. तुम्ही दोन्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “यातलं काहीही खरं असेल. पण अजून कोणी मोजलेलं नाही.”

मग तुम्ही ज्या क्रमाने गेलात तो मी वहीत लिहून ठेवला आहे. आधी ऑईलची पातळी. गाडी मेन स्टँडवर सरळ, जमीन सपाट, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबलेलं. डिपस्टिक, म्हणजे ऑईल मोजायची पट्टी, आटे फिरवून आत बसवून बघायची की नुसती टेकवून, हे प्रत्येक गाडीचं वेगळं असतं आणि मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, हे तुम्ही आवर्जून सांगितलंत. ज्या गाड्यांचं ऑईल वेगळ्या टाकीत असतं त्यांची पातळी तर इंजिन चालवून झाल्यावरच बघायची, कारण उभ्या गाडीत ऑईल टाकीतून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीत, उतरून बसलेलं असू शकतं. माझी पातळी ठीक होती. तुम्ही पट्टी नाकाशी नेऊन वास घेतलात. कार्बोरेटरची फ्लोट सुई गळत असेल तर पेट्रोल सिलिंडरमधून खाली झिरपतं, ऑईल पातळ होतं, पातळी मात्र वाढलेली दिसते. तेव्हापासून ऑईल भरपूर दिसलं तरी मी वास घेतल्याशिवाय पट्टी परत लावत नाही.

इथे मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कळली. आपल्या बहुतेक चार स्ट्रोक गाड्यांमधला हा दिवा ऑईल किती आहे ते दाखवत नाही, त्याला फक्त दाब कळतो. स्विचच्या आत एक पडदा असतो. दाब नसताना आतला संपर्क जुळलेला असतो, वायर इंजिनच्या अंगाला अर्थ होते आणि दिवा लागतो. दाब साधारण 0.2 ते 0.5 बारच्या (बार हे दाब मोजायचं एकक) वर गेला की पडदा ढकलला जातो, संपर्क सुटतो, दिवा विझतो. म्हणजे दिवा विझला याचा अर्थ इतकाच, की दाब त्या अगदी खालच्या रेषेच्या वर आहे. तो पुरेसा आहे असं दिवा कधीच म्हणत नाही. आणि दिवा लागला, तर एकतर दाब खरोखरच तळाला गेलाय, नाहीतर स्विच किंवा वायर खोटं बोलतेय.

वायरचं खरंखोटं तुम्ही क्षणात केलंत. इंजिन बंद, चावी चालू. स्विचवरची रबरी टोपी सरकवून वायर काढली, दिवा विझला. वायरचं टोक इंजिनच्या उघड्या धातूला टेकवलं, दिवा लागला. म्हणजे वायर कुठे घासून चेसीला लागलेली नाही आणि बल्बही ठीक. टोपीच्या आत बोट फिरवून ऑईल पाझरलंय का तेही पाहिलंत, कारण स्विच आतून फुटला की ऑईल टर्मिनलमधून बाहेर येतं. टोपी कोरडी होती.

नवा स्विच लावून बघू, असं इथे बहुतेक जण म्हणाले असते. तुम्ही स्विच काढून त्याच्या जागी दाबाचा गेज लावलात. गेज लावण्याआधी आट्यांचं माप घेतलंत, याचं मला फार कौतुक वाटलं. अशा जागी बऱ्याचदा 1/8 इंचाचा पाइप थ्रेड असतो. ब्रिटिश मापात इंचाला 28 आटे, अमेरिकन मापात 27. चुकीचा जोड हाताने थोडा फिरतोही, मग अडतो, आणि तिथे पान्याने जोर केला तर ॲल्युमिनियमचं कव्हर चिरतं. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायलाही तुम्ही मनाई केलीत. टेपचा तुकडा ऑईलच्या वाटेत अडकू शकतो, आणि स्विच परत लावताना त्याला अर्थ त्याच आट्यांतून मिळायचा असतो.

काकूंचे आभार इथेच मानते. भर उन्हात गेजसमोर उभं राहून त्यांनी प्रत्येक वेळी काटा मोठ्याने वाचून दाखवला, आणि तुम्ही आरपीएमसमोर आकडे मांडत गेलात. थंड इंजिनावर दाब बरा होता, कारण थंड ऑईल घट्ट असतं आणि त्याच्या आड बरेच दोष लपतात. इंजिन तापल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. साध्या, म्हणजे आत रोलर नसलेल्या, बेअरिंगच्या बऱ्याच इंजिनांमध्ये ऑईल 80 अंशांच्या आसपास तापलेलं असताना 5,000 आरपीएमला 4 ते 5 बार दाब अपेक्षित असतो. जुन्या रोलर बेअरिंगच्या काही इंजिनांना अर्ध्या बारहूनही कमी पुरतो, म्हणून त्या त्या गाडीचं मॅन्युअल बघायलाच हवं. माझ्या गाडीचा काटा 1 बारच्या खाली घुटमळत होता. तुम्ही रेस सावकाश 3,000 पर्यंत नेलीत, काटा चढत नाही असं दिसताच इंजिन बंद केलंत.

आणि मग तुम्ही म्हणालात, “बेअरिंग नसावं.” ते का, हे तुम्ही जितक्या शांतपणे समजावलंत तितक्या शांतपणे मला आजवर कोणी यंत्र समजावलेलं नाही. बेअरिंग झिजून फट वाढली की गरम इंजिनाचा दाब स्लो स्पीडला पडतो, पण रेस दिली की पंप जास्त ऑईल ढकलतो आणि काटा वर जातो. इथे काटा जागचा हलत नव्हता. म्हणजे एकतर पंपाला खालून ऑईल ओढताच येत नव्हतं, नाहीतर दाब फार वाढला तरच उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकून ऑईल तसंच परत खाली पडत होतं. दोन्ही गोष्टी खालचं पॅन उतरवून दिसणार होत्या. हेड काढायचं नाही, क्रँककेस फोडायची नाही.

पॅन उतरलं तेव्हा पंप जिच्यातून ऑईल ओढतो ती जाळी दिसेना, इतकी ती रबरासारख्या धाग्यांनी झाकली गेली होती. पूर्वी कधीतरी कोणीतरी गॅस्केटऐवजी सिलिकॉनचा लगदा भरपूर पिळला होता. बाहेर आलेला जास्तीचा भाग दिसतो आणि पुसता येतो, तेवढाच आतही दाबला जातो आणि तो सुटून सुटून जाळीवर येतो. त्यातलाच एक कण रिलीफ व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसला होता. ओढायची वाट अर्धी बंद, आणि जे ओढलं जाई त्यातलंही बरंच वाटेतून परत. मला त्या वेळी हायसं वाटलं आणि रागही आला. तुम्ही मात्र रागावला नाहीत. ड्रेन बोल्टच्या चुंबकावरचा करडा लेप बोटांवर घासून दाखवलात, “बघ, पिठासारखा मऊ आहे. चकचकीत पापुद्रे असते तर मी एवढं निश्चिंत बोललो नसतो.”

जाळी धुतली, व्हॉल्व्ह काढून साफ केला, स्प्रिंगची लांबी मोजली, पंपाच्या नळीची कडक झालेली ओ-रिंग बदलली, कागदी गॅस्केट लावलं. फिल्टर बसवताना स्प्रिंग आणि वॉशर जागेवर आहेत याची मला दोनदा खात्री करायला लावलीत. ते वॉशर जुन्या फिल्टरला चिकटून कचऱ्यात जातं आणि मग ऑईल न गाळताच पुढे जातं, असं तुम्ही सांगितलंत. गेज पुन्हा लावला. गरम इंजिनावर रेस दिली तसा काटा चढला आणि काकूंनी मॅन्युअलमधला आकडा वाचला.

काका, इंजिन उघडून तुम्ही मला मोठं काम सांगितलं असतं, तर मी विश्वास ठेवला असता. स्विच बदलून पाठवलं असतंत, तरी मी आभारच मानले असते, आणि बेअरिंग पुढच्याच प्रवासात गेलं असतं. तुम्ही दोन्ही केलं नाहीत. प्रत्येक पायरीला मला जवळ बोलावून, हात काळे करायला लावून, आता हे का करतोय ते सांगितलंत.

पहिलं ऑईल बदलल्यावर फिल्टर कापून बघ आणि कळव, असं तुम्ही म्हणाला होतात. कापला. घडी उलगडून उजेडात धरली. सिलिकॉनचे दोन-तीन बारीक कण आहेत, धातू कुठेच नाही. ते कण आतल्या वाटांमध्ये उरलेले असतील असं वाटतं, म्हणून पुढचं ऑईलही नेहमीपेक्षा लवकर बदलतेय. रिलीफ व्हॉल्व्ह तेव्हा पुन्हा काढून बघावा का, तेवढं कळवा. बघायचा असेल तर गाडी घेऊन येते, या वेळी पॅन मी उतरवेन.

आपली कृतज्ञ,
लाल दिव्याच्या गाडीवाली