म्युनिकच्या बेताविषयी

पुणे, रविवार

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. येत्या उन्हाळ्यात म्युनिकला मामाकडे दोन महिने राहावे आणि त्याच मुदतीत तिथे ‘काहीतरी शिकून यावे’ हा तुझा बेत मला आवडला. अडते ते त्या ‘काहीतरी’पाशी. काय शिकायचे हे ठरल्याखेरीज कोणता व्हिसा मागायचा हे ठरत नाही, आणि शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या अल्पमुदतीच्या व्हिसावर, गेल्यावर तिथेच पुढे शिकावेसे वाटले, तरी परत येऊन नव्याने अर्ज करावा लागतो.

शेंगेन व्हिसावर 180 दिवसांच्या अवधीत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते, आणि ते सगळ्या शेंगेन देशांचे मिळून मोजतात. म्हणजे मध्येच साल्झबुर्ग पाहून आलीस तरी तो दिवस याच हिशेबात धरला जाईल. एवढ्या मुदतीत भाषेचा वर्ग किंवा विद्यापीठाची उन्हाळी शाळा सहज बसते. मात्र अर्जात मामाची भेट तेवढी लिहून अभ्यास गाळू नकोस. प्रवेशाचे पत्र आणि निदान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सोबत जोड. पूर्ण सत्र करायचे म्हटले तर जर्मनीचा दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा लागतो, आणि शिष्यवृत्ती नसल्यास बहुधा बँकेच्या बंद खात्यात, म्हणजे ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, महिन्याला 992 युरोंप्रमाणे रक्कम आधी दाखवावी लागते. ते यंदा आपल्याला झेपणारे नाही, हे स्पष्टच लिहिते.

खरा प्रश्न श्रेयांकांचा, म्हणजे अभ्यासाच्या क्रेडिट्सचा आहे. युरोपात एक श्रेयांक म्हणजे वर्ग, वाचन, परीक्षा धरून 25 ते 30 तासांचे काम. तेव्हा चार आठवड्यांत कोणी वीस श्रेयांक देऊ म्हणाले, तर त्या संस्थेकडे पाठ फिरव. तुझ्या आत्याच्या मुलाने एका खासगी संस्थेत महिनाभर असाच अभ्यासक्रम केला आणि शेवटी त्याच्या हाती पडले ते केवळ उपस्थितीचे प्रमाणपत्र. तू तिथे मिळवशील ते श्रेयांक तुझ्या गुणपत्रिकेत धरणार की नाही, हे विभागप्रमुखांकडून पैसे भरण्यापूर्वी लेखी घे. तोंडी ‘बघू’ला अर्थ नसतो. शिवाय तिकडची व्याख्याने जुलैच्या मध्यापर्यंत चालतात आणि विद्यापीठांच्या बऱ्याच उन्हाळी शाळा त्यानंतर, ऑगस्ट-सप्टेंबरात भरतात. तेव्हा इथे तुझे तिसरे वर्ष सुरू झालेले असेल, याचा विचार तू केलेला दिसत नाही.

म्हणून माझे मत असे, की यंदा मे-जूनमध्ये परीक्षा आटोपताच जाऊन केवळ भाषेचा सघन वर्ग करावा. श्रेयांक मिळाले नाहीत तरी तुझी जर्मन बी-1 या मध्यम पातळीच्या जवळ येईल, आणि मग डाडची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या जर्मन संस्थेची, उन्हाळी अभ्यासक्रमांची शिष्यवृत्ती मागता येईल, कारण तिला ती पातळी लागतेच. तिची मुदत बरीच आधी संपते, तेव्हा पुढच्या दिवाळीपासूनच लक्ष ठेव.

राहण्या-खाण्याचा खर्च मामा करणार असेल, तर त्याला तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून हमीपत्र घ्यावे लागेल. त्याचे नाव ‘फेरप्फ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग’. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये दोन वर्षे जर्मन शिकूनही मला ते एका दमात म्हणता येत नाही. वर्गाच्या तारखा कळव, म्हणजे त्याला लगेच फोन करते.

तुझी,
आई