टीबीच्या पेशंटच्या घरातली बाकीची ताटं

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

जत तालुक्यात बेडक्याच्या डब्या गोळा करण्यात आणि टीबीच्या गोळ्या समोर बसून गिळवण्यात माझी नोकरी सरली. निवृत्तीनंतरही एक घर डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

ऊसतोडीहून परतलेला पेशंट होता. गोळ्यांबरोबर त्याला कुणा दानशूर माणसाने दिलेला शिधा मिळायचा. डाळ, तेल, शेंगदाणे. "हे तुम्हीच खायचं, वाटायचं नाही," असं दर महिन्याला बजावून मी निघायचे. एकदा त्याची बायको म्हणाली, "बाई, पोरं ताटाकडं बघत बसत्यात. त्यांच्या घशाखाली घास कसा उतरंल?" मी उलट तिलाच चार शब्द सुनावले. तो बरा झाला. पुढच्या वर्षी थोरली मुलगी खोकायला लागली.

त्या बाईला जे दिसत होतं ते पुढे संशोधनातून सिद्ध झालं. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी झारखंडच्या चार जिल्ह्यांत २,८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं घेऊन केलेला अभ्यास २०२३ च्या ऑगस्टमध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. रुग्णांना शिधा सगळ्याच घरांत दिला. फरक एवढाच, की निम्म्या गटांत घरच्यांनाही मोठ्या माणसामागे महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला. खोकल्यातून पसरणारा, तपासणीत जंतू सापडलेला फुफ्फुसाचा क्षय तर ४८ टक्क्यांनी. कोणतीही नवी लस नाही, नवं औषध नाही. डाळ आणि तांदूळ!

रुग्णांबद्दलही त्यात एक आकडा आहे, तो प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावावा असा. पहिल्या दोन महिन्यांत वजन पाच टक्के वाढलं, तर मरणाचा धोका ६१ टक्क्यांनी कमी. बेचाळीस किलोच्या माणसाला पाच टक्के म्हणजे जेमतेम दोन किलो. बेचाळीस मी उगाच म्हणत नाही. भार्गवांच्याच छत्तीसगडमधल्या आधीच्या अभ्यासात पुरुष रुग्णांचं मध्यक वजन तेवढं होतं, बायकांचं ३४ किलो. आमच्या जिल्ह्यात साखरेचं पोतं ५० किलोचं असतं.

आपल्या मिरजेला हे नवं नाही. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे दवाखाना उभारला, त्यांच्याच नावाच्या वॉनलेसवाडीत पुढे क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम झालं. तेव्हा गोळ्या नव्हत्या. मोकळी हवा, विश्रांती आणि पोटभर खाणं, हीच त्या काळी अशा आरोग्यधामांतली दवा. मग १९५६ मध्ये मद्रासला अभ्यास सुरू झाला आणि त्यातून दिसलं की घरी राहून, साधं जेवून, गोळ्या नीट घेतल्या तरी पेशंट बरा होतो. निष्कर्ष खरा होता आणि गरिबाच्या सोयीचाही. आरोग्यधामं मागे पडली, गोळ्या घरोघरी पोचल्या. जेवण मात्र वाटेतच राहिलं, आणि ते राहिलंय हे कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०१८ पासून रुग्णाच्या खात्यात महिन्याला ५०० रुपये येत होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. (येतात तेव्हा येतात. गोळ्यांचा कोर्स संपल्यावर पहिला हप्ता जमा झालेले पेशंट मी पाहिले आहेत.) घरच्या माणसांनाही निक्षय मित्रांकडून, म्हणजे टीबीच्या पेशंटला शिधा पुरवणाऱ्या दात्यांकडून, शिधा देता येईल, असं २०२४ मध्येच केंद्राने ठरवलं. पण मित्र भेटला तर! ज्या गावात साखर कारखाना आहे, पतसंस्था आहे, तिथे भेटतो, टोपलीसोबत फोटोही निघतो. कर्नाटकच्या सीमेवरच्या आमच्या वस्त्यांवर कोण येणार? जंतू दात्याची वाट बघत थांबत नाहीत.

म्हणून मागणं असं, की टीबीची नोंद झाली की त्या घरातल्या प्रत्येक माणसाचा सहा महिन्यांचा जादा शिधा राज्याने स्वतःच्या पैशातून रेशन दुकानातून द्यावा. आणि तांदळाचाच हट्ट नको. जतला, आटपाडीला शाळू खातात, बाजरी खातात. सोबत तूरडाळ, शेंगदाणे, तेल असलं की झालं. आशाताईने गोळ्या द्यायला जाताना वजनकाटा न्यावा आणि पेशंटबरोबर पोरांचंही वजन लिहावं.

ऊसतोडीच्या टोळ्यांचंही बघा. दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लागतं आणि नवरा-बायको, पोरं मुकादमाच्या ट्रकमध्ये बसतात. रेशनचं धान्य आता कुठल्याही गावात उचलता येतं. मग ही डाळसुद्धा फडाजवळच्या दुकानात मिळायला काय हरकत आहे?

त्या थोरल्या मुलीचा कोर्स पुरा झाला, ती बरी आहे. धाकट्या दोघांचं वजन मात्र मी कधीच केलं नव्हतं. आमच्या फॉर्ममध्ये तसा रकानाच नव्हता.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. जत, जि. सांगली