आई-बाबा, मी बोट घेतलीय

प्रिय आई-बाबा,

फोनवर तीनदा तोंडाशी आलं आणि तिन्ही वेळा मी विषय तुमच्या तब्येतीकडे वळवला, म्हणून आता लिहूनच टाकते. गेले दोन महिने व्हिडिओ कॉलवर माझ्या मागे जी लाकडी भिंत दिसते, आई तू म्हणालीस पण की छान आहे गं खोली, ती खोली नाहीये, बोट आहे. बाजूचा पडदा मी मुद्दाम ओढून ठेवायचे, कारण तो उघडला असता तर पाणी दिसलं असतं. खोटं नाही बोलले पण लपवलं, आणि ते रोज टोचतंय. फ्लॅट सोडलाय. नॅरोबोट म्हणतात इथे इंग्लंडमध्ये, ५७ फूट लांब आणि जेमतेम ७ फूट रुंद, ती विकत घेतलीय आणि आता त्यातच राहते.

आई, रडू नकोस, आधी पूर्ण वाच.

पाणी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय येणार ते मला माहितीये. २०१९ च्या पुराची ती भिंतीवरची रेघ बाबांनी अजून रंगवू दिलेली नाही, आणि आईच्या अल्बमचे फोटो मीच एकेक सोडवून मामाच्या गच्चीवर वाळत घातले होते. त्यातलं काही विसरून मी हे केलेलं नाही. पण ही नदी नाही, कालवा आहे, आणि कालवा म्हणजे काय हे मी बाबांना काय सांगणार. पाणी जवळजवळ उभंच असतं, बहुतेक ठिकाणी पडलं तरी पायावर उभं राहता येतं. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे बाबा आमराईत सकाळी चालतात तेवढीच. आणि मी लाइफ जॅकेट घालते, एकटी असताना तर घालतेच.

बाबा, इथले लॉक, म्हणजे बोट वरच्या-खालच्या पातळीवर न्यायला कालव्यात बांधलेले दारांचे हौद, तुम्ही बघायला पाहिजे होते. दारं इंग्रजी व्हीसारखी एकमेकांना टेकतात आणि टोक चढाच्या बाजूला, त्यामुळे पाण्याचा दाबच त्यांना गच्च मिटवून ठेवतो, दोन्हीकडची पातळी सारखी झाल्याशिवाय दहा माणसांनी ढकललं तरी हलत नाहीत. खाली छोटी झडप असते, ती हँडलने वर उचलायची आणि पाणी सुटायची वाट बघायची. तुमच्या लुनावर पुढे बसून मी कालव्याच्या रस्त्याने यायचे, पाटकरी काका गेट उचलायचे आणि तुम्ही म्हणायचात, हात लावू नकोस, नुसतं बघ. पहिल्यांदा ते हँडल हातात घेतलं तेव्हा तेच ऐकू आलं हो.

हॅटनला असे २१ लॉक एकापाठोपाठ आहेत, वॉरिकच्या अलीकडे. वरून खाली येताना मला खरंच धडकी भरली होती. पाणी उतरताना मागच्या दाराजवळ एक दगडी पायरी पाण्याखाली असते, बोटीचा मागचा भाग तिच्यावर अडकला तर बोट कलंडू शकते. तिथे शेजारी एक हिरवी बोट येऊन लागली, सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा. लॉक १४ फूट रुंद, दोन बोटी शेजारी-शेजारी मावतात, तर आजोबा म्हणाले चल बरोबरच उतरू, आणि आजी काठावरून प्रत्येक वेळी ओरडून सांगत होत्या, पुढे घे, पांढऱ्या रेघेच्या पुढे राहा. २१ वेळा. संध्याकाळी त्यांच्याकडेच चहा झाला, मी थालीपीठं लावून नेली, आजोबांनी चार खाल्ली.

तेव्हापासून आम्ही जमेल तसे पुढेमागे असतो. माझ्या लायसन्सवर एका जागी १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही, पण वाटेत परत गाठ पडतेच, आणि इथे माणसाच्या नावाआधी त्याच्या बोटीचं नाव माहीत असतं. शेजारी बोट असली की सकाळी माझ्या धुराड्यातून धूर दिसला नाही तर आजी येऊन खिडकीवर टकटक करतात. आई, फ्लॅटमध्ये सहा वर्षं राहिले, शेजारच्याचं नाव कळलं नाही. जानेवारीतला ताप मी तुला किरकोळ सांगितला होता, तो किरकोळ नव्हता. चार दिवस कोणी दार वाजवलं नाही. खरं कारण हे आहे, भाडं वाढलं वगैरे सगळं नंतरचं.

थंडीचं म्हणाल तर शेगडी आहे, लोखंडी, त्यात कमी धुराचा कोळसा टाकला की आत स्वेटर लागत नाही. कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म आहेत, दोन. कोळसा, डिझेल, गॅस विकणारी बोटच येते दारात. अंघोळीला गरम पाणी येतं, संडास आत आहे, नीट आहे, फ्रिज उन्हाळ्यात सोलरवर चालला. पलंग तुमच्या माळ्यावरच्या कॉटपेक्षा मोठा. दिवाळीच्या सुमारास लंडनमध्ये अल्पर्टनला पोचेन, तिथे काठावर उतरून थोडं चाललं की ईलिंग रोडला मेथी, कढीपत्ता, गवार सगळं मिळतं, आणि महाराष्ट्र मंडळही फार लांब नाही. कामाचं काही बदललं नाही, लॅपटॉप आहे, राउटर आहे.

खोलीतलं माझं कपाट तसंच राहू दे, मी येणारच आहे. आणि त्या स्थळाचं आपण मागच्या दिवाळीत बोललोय, परत नको गं आई.

आता माझं ऐका. बाबा, बीपीची गोळी नाश्त्याआधीच, आणि टाकी बघायला गच्चीवर चढायचं नाही, खालच्या मुलाला सांगा. आई, गुडघ्याचे व्यायाम बुडवायचे नाहीत, टीव्ही बघता बघता कर पण कर. पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ३५ फूट झाली की सरळ मामाकडे, ४० ची वाट बघायची नाही, कागद आणि औषधं आत्ताच एका पिशवीत भरून ठेवा. तुम्ही माझ्या काळजीत आणि मी तुमच्या, असं नको, निदान एवढं तरी करा.

मे महिन्यात या ना. आईसाठी पायरी रुंद करून घेते, ती दोन दिवसांत सगळ्या बोटवाल्यांशी बोलायला लागेल, भाषेचं काही अडत नाही. बाबांना कालव्यावरचा ब्लिसवर्थचा बोगदा दाखवायचाय, १८०५ चा, जवळपास २.८ किलोमीटर, आत काठाला वाट नाही, पूर्वी बोटी ओढणारे घोडे डोंगरावरून जायचे आणि माणसं पाठीवर झोपून भिंतीला पाय लावत बोट पुढे ढकलायची. वरच्या झरोक्यांतून पाणी गळतं, मी पूर्ण भिजले. बाबा, बुटाचं आणि रेनकोटचं माप कळवा, इथे घेऊन ठेवते.

तुमची,
छकुली