जाहीर नोटीस वाचायची कुणी?

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या एका शेतलिलावाचा फोटो होता आणि खाली ओळ होती, 'देशोधडीला लागलेला शेतकरी'. फोटोतली माणसं मात्र हातात कॉफीचे कागदी कप घेऊन चक्क हसत होती. तसा एक लिलाव मी स्वतः पाहिलाय, म्हणून हे पत्र, आणि शेवटी आपल्या जाहीर नोटिसांच्या पानाबद्दल एक मागणं. मी बेस्टच्या दादर वर्कशॉपमधून २०१२ साली निवृत्त झालेला फिटर. गाव जुन्नर तालुक्यात, राहायला भांडुपला. मुलगा आयोवा राज्यात वॉटर्लूला नोकरीला आहे. नातवाच्या वेळी, २०२५ च्या मार्चमध्ये, आम्ही दोघं तिकडे होतो. मला घरात कंटाळलेला बघून मुलाने एका शनिवारी गाडीत घातलं आणि म्हणाला, "चला, तुमच्या आवडीचं काहीतरी दाखवतो."

तिकडे मक्याची पेरणी एप्रिलअखेर सुरू होते, त्यामुळे असले लिलाव थंडीतच उरकून घेतात. जमीन गोठून दगड झालेली, म्हणून शंभरेक पिकअप सरळ शेतात लावलेल्या. मालक चौऱ्याहत्तर वर्षांचा. मुलं शहरात, परत कुणी येणार नाही. डोक्यावर कर्ज नव्हतं, गुडघे गेले होते. पुठ्ठ्यावर नंबर घेऊन (लायसन्स दाखवलं की देतात) आम्ही आत गेलो.

गवत वाहायच्या सपाट गाड्यांवर किरकोळ सामान मांडलेलं. पाने, साखळ्या, ग्रीसगन, नटबोल्टांनी भरलेले कॉफीचे डबे. माझा जन्म पान्यांत गेला, त्यामुळे पुसून तेलाचा हात फिरवून ठेवलेला पाना मला लांबून ओळखू येतो. हे सगळे तसेच होते. एका हायड्रॉलिक जॅकच्या दांड्याला सुतळीने चिठ्ठी बांधली होती. मुलाला वाचायला लावली. लिहिलं होतं, 'गळतो'. विकणाऱ्याने आपल्या मालाचा दोष आपल्याच हाताने लिहून ठेवलाय, हे मी कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे तर सोडाच, लग्नाच्या स्थळातही कधी बघितलं नाही.

पुकारा करणारा इतक्या झपाट्याने बोलत होता की पहिली पंधरा मिनिटं मला एक अक्षर कळलं नाही. मग लक्षात आलं की दोनच आकडे फिरताहेत, आत्ताचा आणि पुढचा, मधलं नुसतं तालासाठी. आधी डबे गेले, मग अवजारं, शेवटी ट्रॅक्टर. एक होता जॉन डिअरचा ४०२०. हे मॉडेल १९६३ ते १९७२ एवढीच वर्षं निघालं, पण मालकाने स्वतः चढून किल्ली फिरवली आणि पहिल्या फटक्यात इंजिन धरलं. आवाज ऐकून मला वडाळा डेपोतले आमचे जुने फोरमन आठवले, ते डोळे मिटून गाडीचा आजार सांगायचे. ट्रॅक्टर शेजाऱ्याने घेतला. व्यवहार झाल्यावर दोघं बॉनेटपाशी उभे राहून बराच वेळ बोलत होते. थंडीत सुरू करताना काय करायचं, ते म्हातारा समजावत होता.

चर्चच्या बायकांनी गरम पाव आणि सफरचंदाचे 'पाय' (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) विकायला ठेवले होते. मंडळींचा शनिवार, त्यांनी कॉफीवर भागवलं. गाई दोन वर्षं आधीच विकल्या गेल्या होत्या. रिकाम्या गोठ्यात मात्र दावणीवरच्या पाट्यांवर खडूने लिहिलेली त्यांची नावं तशीच होती. पुसायला कुणाचा हात धजला नसावा, किंवा नुसता आळसही असेल.

जमीन जानेवारीतच गेली होती, गावातल्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. बोली एकराची लागते, मग जितके एकर तितक्याने गुणायचं आणि दहा टक्के त्याच दिवशी भरायचे. मातीला शंभरपैकी मार्क असतात आणि ते जाहिरातीतच छापलेले असतात. आयोवाच्या सरकारी विद्यापीठाच्या २०२४ च्या पाहणीत तिथल्या शेतजमिनीचा सरासरी भाव एकरी ११,४६७ डॉलर निघाला. तेव्हाच्या दराने दहा लाखांच्या आसपास. आमच्याकडे रस्त्याकडेच्या जमिनीचा भाव एकराने कुणी सांगतच नाही, गुंठ्याने सांगतात.

कॉफीच्या टेबलाशी भेटलेल्या एका म्हाताऱ्याने मुलाला मागच्या गोष्टी सांगितल्या. १९८० च्या दशकात तिथे खरंच देशोधडीचे लिलाव झाले. व्याजदर आभाळाला भिडले आणि आयोवात १९८१ साली एकरी २,१४७ डॉलरवर असलेली जमीन १९८६ मध्ये ७८७ वर आली. आपला फोटो त्या काळातला असता तर ओळ बरोबर होती. त्याच्याही आधीची, १९३० च्या मंदीतली गोष्ट मला जास्त भावली. बँकेने शेतकऱ्याची जनावरं, अवजारं लिलावाला काढली की आसपासचे लोक जमायचे आणि घोड्याला दहा सेंट, गाईला पाच सेंट अशी बोली लावायचे. परका कुणी वाढवायला गेला तर बखारीला टांगलेला फास त्याला दाखवायचे. सगळा माल चार-दोन डॉलरात घेऊन मालकाच्या हवाली करायचे. पेनी ऑक्शन म्हणतात त्याला. लिलाव अंगणात होता म्हणून शेजाऱ्यांना हे जमलं. बंद खोलीत सह्या झाल्या असत्या तर त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं असतं.

उघड्यावर विकल्याने शेती वाचते असं मी म्हणत नाही. लिलाव काढलेल्या त्या मालकाची जमीन ज्याने घेतली त्याच्याकडे आधीच हजारभर एकर होती. अमेरिकेच्या २०२२ च्या शेतीगणनेत साऱ्या देशात मिळून एकोणीस लाख शेतं उरली आणि शेतकऱ्याचं सरासरी वय ५८. आताशा अंगणातले लिलावही कमी होऊन बोली मोबाइलवर लागते म्हणे.

आता आमच्याकडचं. १९७२ च्या दुष्काळात मी अठरा वर्षांचा होतो. रेशनवर अमेरिकेतली लाल मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकरीला काठ धरत नसे. चारा संपला तेव्हा वडिलांनी बैलजोडी बेल्ह्याच्या बाजारात नेली. कासरा माझ्या हातात होता. व्यापाऱ्याने दात बघितले, खांदा दाबला, मग उपरण्याखाली वडिलांचा हात धरून बोटं दाबायला लागला. भाव तोंडाने बोलायचाच नाही, ही आपली रीत. उपरणं दोनदा हललं, वडिलांनी मान फिरवली आणि सौदा झाला. त्यांनी आईला साडेतीनशे सांगितले, चुलत्यांना तीनशे. खरा आकडा ते बरोबर घेऊन गेले. दोन वर्षांनी मी बेस्टमध्ये लागलो.

उपरण्याखालचा हात मी पुढे स्वतःच घातला, म्हणून हे लिहायचा मला किती अधिकार आहे ते आपणच ठरवा. वाटपात माझ्या वाट्याला एक एकर सहा गुंठे आले होते. २०११ साली भांडुपच्या फ्लॅटसाठी पैसे कमी पडत होते. एका एजंटाने ठाण्याची पार्टी आणली, पार्टी शेतकरी दाखल्याची होती, कागद चोख. टोकन भांडुप स्टेशनबाहेरच्या हॉटेलात चहावर झालं. एजंट म्हणाला, "गावात बोलू नका, फाटे फुटतात." मी नाही बोललो. वकिलाने रीतसर जाहीर नोटीस दिली, 'तमाम जनतेस कळविण्यात येते की', गट नंबर, हेक्टर-आर, हरकत असल्यास चौदा दिवसांत. नोटीस छापून आली मुंबईच्या एका दैनिकात. हरकत कुठून येणार? आमच्या वाडीत तो पेपर जातच नव्हता.

माझ्या बांधाला बांध लागून चुलतभावाचं रान आहे. विहीर दोघांत, पाण्याच्या पाळ्या आमच्या वडिलांपासूनच्या. तारेच्या कुंपणाचे सिमेंटचे खांब घेऊन टेम्पो आला तेव्हा त्याला कळलं. तो भांडला नाही. फोन करून एवढंच म्हणाला, "दादा, पेपर वाचायला मी मुंबईला यायचं होतं का?" त्याने पैसे थोडे कमी दिले असते, तेही दोन हप्त्यांत. पण घेतली असती. यंदा त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आम्हाला आली नाही.

वारसांपैकी एकाने वडिलार्जित हिस्सा विकायला काढला तर बाकीच्या वारसांना तो आधी घ्यायचा हक्क हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ ने दिला आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागू होतो असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितलं. माझा चुलतभाऊ त्यात बसत नाही. त्याच्यासाठी एक फोन पुरला असता, त्याला कायदा लागत नव्हता.

आता आपल्याकडे मागणं. जाहीर नोटिसांचं पान मी रोज भिंग घेऊन वाचतो. वय झालं हे खरं, पण आपला टाइपही मुंगीएवढा असतो. गावाचं नाव सातव्या-आठव्या ओळीत सापडतं, वकिलाचं नाव मात्र खाली ठळक. जमिनीच्या नोटिसा निदान तालुकावार लावता येतील का? गावाचं, वाडीचं नाव सुरुवातीला जाड अक्षरात, आणि गट नंबराशेजारी लोकांच्या तोंडातलं रानाचं नाव. आमच्या तुकड्याला सगळे 'चिंचेचं रान' म्हणतात, गट नंबर माझ्या भावालाही पाठ नाही. पान तालुकावार असलं तर भांडुप, लालबाग, घाटकोपरला राहणारे आमच्यासारखे हजारो लोक आपापल्या तालुक्यावरून नजर फिरवतील आणि फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकतील. नोटीस चावडीवर लावायची सक्ती आपण करू शकत नाही, पण तशी प्रत लावल्याची एक ओळ नोटिशीत असावी, एवढं जाहिरात घेताना विचारता येईल.

पत्र छापलंत तर नाव घालू नका. चुलतभावाकडे आपला अंक जात नसला तरी कात्रण दुपारपर्यंत वाडीत पोचेल, आणि 'चिंचेचं रान' वाचल्यावर पत्र कुणाचं हे त्याला विचारावं लागणार नाही.

आपला,
एक निवृत्त फिटर, भांडुप (पश्चिम), मुंबई