पडणारा दात नव्हे, कायमची दाढ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा उघडल्या. आता राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळाशाळांत येईल, किडलेले दात टिपून घेईल आणि चिठ्ठी देईल. पण ज्या दाढा अजून किडलेल्या नाहीत, त्यांचे काय?

गेल्या वर्षी माझा तिसरीतला नातू दाढदुखीने रात्रभर कळवळला. आम्ही लवंग धरली, "दुधाचा दात आहे, पडेल" म्हणालो. डॉक्टरांनी आरसा घालून दाखवले, तेव्हा कळले की ती कायमची दाढ! सहाव्या वर्षाच्या सुमारास ती दुधाच्या दाढांच्या मागे येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून घरात पत्ता लागत नाही. मी जन्मभर पहिली-दुसरीला शिकवले, पण मलाही ठाऊक नव्हते. शेवटी रूट कॅनाल करावे लागले.

धाकट्या नातीच्या दाढांना मात्र वेळेवर सीलंट, म्हणजे दाढेच्या खाचा बुजवणारा संरक्षक थर, लावून घेतले. दाढेवरच्या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केस आत शिरत नाही, भडंग नि बिस्किटांचा लगदा मात्र जाऊन बसतो. डॉक्टरांनी दाढ साफ केली, जेल लावून धुतली, खडखडीत वाळवली, खाचांत पातळ द्रव सोडला आणि निळा प्रकाश धरला. सुई नाही, कोरणे नाही. "झालं?" म्हणून पोरगी खुर्चीवरून उतरायलाच तयार नव्हती.

अमेरिकेतील सीडीसी या आरोग्यसंस्थेच्या माहितीनुसार सीलंटमुळे मागच्या दातांची 80 टक्के कीड 2 वर्षे टळते, आणि 4 वर्षांपर्यंत निम्मी. थर झिजतो, कधी निघतोही. तपासून घ्यावा लागतो. दोन दातांमधल्या फटीला त्याचा उपयोग नाही, त्यामुळे ब्रश सुटत नाही. आणि लावताना लाळ लागली की तो धरत नाही. फोटोपुरत्या घाईच्या शिबिराचे हे काम नव्हे.

सांगलीत दंत महाविद्यालये आहेत. जिल्हा परिषदेने त्यांना सोबत घेऊन पहिली-दुसरीच्या मुलांना सीलंट लावून द्यावे; बाराव्या वर्षाच्या सुमारास दुसरी कायमची दाढ येते, तेव्हा सहावी-सातवीलाही. सुरुवात एका केंद्रातल्या शाळांपासून झाली तरी चालेल. आमच्या गावच्या शाळेत कापूस घेऊन पोरांची लाळ टिपायला मी स्वतः उभी राहीन.

– एक निवृत्त शिक्षिका, तासगाव तालुका, जि. सांगली