रस्त्याच्या खर्चातच चित्राचाही वाटा ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बडोद्यात कुठे नवा फूटपाथ झाला, तलावाभोवती फिरायची वाट झाली किंवा सायकलसाठी पट्टा आखला की उद्घाटनाच्या तोंडावर शेजारची भिंत रंगवायची धांदल उडते. काम चौरस फुटाच्या भावाने दिलेले असते, म्हणजे भिंत जेवढी जास्त झाकली जाईल तेवढे बिल मोठे. कॉलेजची मुले बोलावली तर त्यांना रंगाचे डबे, नाश्ता आणि प्रमाणपत्र मिळते, मानधन मिळत नाही. दोन पावसाळ्यांत भिंतीला लोणा लागतो, पोपडे सुटतात, क्लासवाल्यांची पोस्टरे चिकटतात आणि पुढच्या मोहिमेत सगळ्यावर एक हात फिरवून नवी घोषणा लिहिली जाते. आमच्या भागातल्या एका भिंतीवर मुलांनी भलीमोठी मगर काढली होती. तिच्या शेपटीच्या एकेका खवल्यात गल्लीतल्या पोरांनी आपापली नावे लिहिली होती, एकाने तर आपल्या कुत्र्याचेही लिहिले होते. आज तिथे सपाट पिवळा रंग आहे. तो फासण्याआधी गल्लीत कुणाला विचारलेसुद्धा नाही, याचा मला मनापासून राग येतो.

यावर माझी एकच मागणी आहे. चालण्याच्या किंवा सायकलच्या रस्त्याचे काम मंजूर करताना महापालिकेने त्याच अंदाजपत्रकात एक टक्का रक्कम शेजारपाजारच्या लोकांनी आणि कलावंतांनी मिळून करायच्या कामासाठी राखून ठेवावी. पाच कोटींच्या कामात हे पाच लाख होतात. त्यात कलावंताचे मानधन, गिलाव्याची दुरुस्ती, परांची, साहित्य आणि मुख्य म्हणजे पुढच्या काही वर्षांची देखभाल बसवावी. देखभालीचे पैसे आधी बाजूला काढले नाहीत तर ते नंतर कधीच निघत नाहीत.

खड्डे बुजवायला पैसे नसताना चित्रे कसली, असे म्हणणारे भेटतील. त्यांचा मुद्दा मला मान्य आहे, तो एवढ्यापुरताच की वाट आधी चालण्यासारखी हवी. हातगाड्या आणि आडव्यातिडव्या लावलेल्या स्कूटरमधून अंग चोरत जावे लागत असेल तर भिंतीकडे बघणार कोण? पण भिंतींवर खर्च आजही होतोच आहे. तोच तो पुन्हापुन्हा होतो आणि हाती काही उरत नाही.

असा टक्का ठेवण्याची पद्धत जगाला नवी नाही. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराने १९५९ मध्येच बांधकाम खर्चाचा एक टक्का कलेसाठी ठेवण्याचा नियम केला. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल ते बाथ या जुन्या रेल्वेमार्गावर चालण्या-सायकलची वाट झाली, तिच्या कडेने शिल्पे उभी राहिली. ती वाट बांधणाऱ्या सस्ट्रान्स या संस्थेने पुढे देशभरच्या अशा वाटांवर एक सुरेख गोष्ट केली. एक साधा बाक आणि त्याच्याजवळ पोलादी पत्र्यातून कापलेल्या माणसाच्या उंचीच्या तीन आकृत्या. त्या कुणाच्या असाव्यात हे आसपासच्या रहिवाशांनी ठरवायचे. आपल्याकडे हा कौल घेतला तर लोक कुणाला निवडतील, या विचारानेच मला उत्साह येतो. दांडिया बाजार, वाडी आणि फतेहगंज या भागांतून तीन वेगवेगळी उत्तरे येतील आणि यायलाच हवीत.

खरे तर या बाबतीत बडोद्याने दुसऱ्या कुणाकडे बघायची गरज नाही. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात जाऊन या. दिवाण भाऊ तांबेकरांच्या त्या घराच्या भिंती एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांनी भरल्या आहेत, कृष्णकथा, महाभारत, आणि मधूनच साहेब लोकही. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन ही कला आणि तंत्रशिक्षणाची शाळा काढली; दादासाहेब फाळके तिथे शिकले. कीर्तिमंदिर या आपल्या घराण्याच्या स्मारकात गायकवाडांनी शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांच्याकडून भित्तिचित्रे करून घेतली, गंगावतरण, मीरेचे जीवन, रवींद्रनाथांच्या नाटकावरचे ‘नटीर पूजा’ आणि महाभारताचे युद्ध. ते काम १९३९ ते १९४६ असे टप्प्याटप्प्याने चालले. मधल्या काळात महायुद्ध झाले, तरी काम थांबले नाही. उद्घाटनाची तारीख धरून आठ दिवसांत भिंत उरकणाऱ्यांनी ही वर्षे जरूर लक्षात घ्यावीत.

पुढे याच नंदलालांचे शिष्य के. जी. सुब्रमण्यन बडोदा विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स विभागात शिकवायला आले. लखनौच्या रवींद्रालय या नाट्यगृहावर १९६३ मध्ये त्यांनी भाजलेल्या मातीच्या तुकड्यांचे मोठे भित्तिचित्र केले. त्यांच्याच काळात इथे फाइन आर्ट्स फेअर सुरू झाली. शिक्षक आणि विद्यार्थी मिळून खेळणी, पुतळ्या, भांडी करायचे आणि सामान्य बडोदेकर ती चार पैशांत घरी न्यायचे. जमलेली रक्कम विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडायची. लोकांच्या खिशातून कलेसाठी पैसा उभा करणे या गावाला चांगले जमते, याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

भाजलेल्या मातीचा उल्लेख मुद्दाम केला. आपल्या नदीकाठाला रंग टिकणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी घराघरांत शिरले, त्याआधी २०१९ मध्येही शिरले होते. पाणी ओसरले की भिंतीवर चिखलाची रेघ राहते आणि तिच्या खालचा ऑइलपेंट सालीसारखा सुटतो. भाजलेल्या मातीच्या झिलईदार फरशीला मात्र पाणी काही करत नाही, चिखल पुसला की झाले. फरशांचे मोरबी आपल्याच राज्यात आहे आणि फुटक्या फरश्या तर प्रत्येक बांधकामावर ढिगाने पडलेल्या असतात. तुकडे निवडायचे, पक्कडीने हवे तसे तोडायचे, सिमेंटात बसवायचे आणि सांधे भरून ओल्या फडक्याने पुसायचे. तोडायचे काम मोठ्यांनी हातमोजे घालून करावे, बाकी सगळे आजींपासून पाचवीतल्या मुलापर्यंत कुणालाही शिकवता येते. रचना आणि शेवटचा हात जाणत्या कलावंताचा हवा, नाहीतर नुसता गोधडीसारखा पसारा होतो. पूर आलेल्या वस्त्यांनी आपापल्या भिंतीवर पाणी कुठवर चढले होते तिथे निळ्या फरशीची रेघ बसवावी, असे मला फार वाटते. येणारीजाणारी मुले तिच्याशी आपली उंची मोजतील आणि घरी जाऊन विचारतील.

आणखी एक गोष्ट पोटतिडकीने लिहिते. भिंत रंगवायची म्हटले की आपल्याकडे वारली माणसांच्या ओळी काढून मोकळे होतात. इथून शंभरेक किलोमीटरवर छोटा उदेपूरला राठवा आदिवासींच्या घरात भिंतीवर पिठोरा चितारतात, त्याला ते पिठोरा लिहिणे म्हणतात. अगदी अलीकडेपर्यंत तो भाग आपल्याच जिल्ह्यात होता. पिठोरा चित्रकार परेशभाई राठवांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. पण पिठोरा हा नवसाचा देव आहे. कुमारिका भिंत सारवतात, लखारा म्हणजे पिठोरा लिहिणारा रंगात दूध आणि मोहाची दारू कालवून घोडे लिहितो आणि लिहिलेले बरोबर आहे की नाही ते बडवो म्हणजे त्यांचा पुजारी पाहतो. त्याची नक्कल स्टेन्सिलने मुतारीशेजारच्या भिंतीवर उमटवू नये. लखाऱ्यांनाच बोलवावे, रस्त्यावर काय काढलेले चालेल ते त्यांनाच ठरवू द्यावे आणि शहरातल्या चित्रकाराइतकेच मानधन द्यावे. आपल्या रस्त्यांवर खडी टाकणारे आणि पेव्हर बसवणारे किती मजूर त्याच भागातून येतात हे आपण रोज पाहतो.

एक टक्का पुरणार नाही तिथे उद्योगांकडे जाता येईल. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यासाठी खर्च करायला लावते. त्या कामांच्या यादीत कला, संस्कृती आणि पारंपरिक हस्तकला स्पष्ट लिहिलेल्या आहेत आणि कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे असेही कायदा सांगतो. कोयली-नंदेसरीचा कारखान्यांचा पट्टा आपल्या दारात आहे. ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजुरी घेतली तर पहिले वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत काम चालवता येते, म्हणजे देखभालीचाही प्रश्न बराचसा सुटतो. अट एकच घालावी: कंपनीचे नाव एका छोट्या पाटीवर, भिंतभर नाही.

सुरुवात कुठे करावी हेही सांगते. काळा घोडा चौकापासून कीर्तिमंदिरापर्यंतचा पट्टा घ्या. एका टोकाला कमाटीबाग, जिथे पहाटेपासून माणसे चालत असतात, जवळच फाइन आर्ट्स, मध्ये नदी आणि दुसऱ्या टोकाला नंदलालांच्या भिंती. वॉर्डाच्या बैठकीत रहिवासी, शाळा, फाइन आर्ट्सचे शिक्षक आणि रस्त्याचा अभियंता यांना एकत्र बसवावे आणि रस्त्याचा नकाशा कायम होण्याआधी बसवावे, कारण बाक कुठे येणार, भिंत किती उंच, दिवा कुठे पडणार हे नंतर बदलत नाही. एकदा केलेले काम वस्तीच्या संमतीशिवाय पुसता येणार नाही, असे कराराच्या कागदावर लिहून घ्यावे. महापालिकेच्या अंदाजपत्रकाची तयारी हिवाळ्यात सुरू होते. त्याआधी आमच्या नगरसेवकांनी या एक टक्क्याचे स्वतंत्र लेखाशीर्ष मागावे आणि आपल्या वृत्तपत्राने त्याचा पाठपुरावा करावा, अशी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक वाचक
दांडिया बाजार, वडोदरा