नंबर एकचा अंक शोधत बसू नका

संपादक महोदय,

गणेश चवथीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या आठवड्यातली गोष्ट. आठवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला, हातात गुळगुळीत कागदाचं इंग्लिश कॉमिक, स्पायडरमॅनचं, वर मोठ्ठा १ आकडा. सिनेमे सगळे बघून झालेले, म्हणून पाहुण्यांनी हातावर ठेवलेले पैसे जमवून त्याने ते ऑनलाइन मागवलं होतं, आणि नंबर एक आहे म्हणजे सुरुवात इथूनच असणार असं त्याने धरलं, जे कुणीही धरेल. पण पहिल्या चार-पाच पानांतच अशी माणसं आली की जी त्याच्या ओळखीची नाहीत आणि एकमेकांशी अशी बोलतायत की मागे बरंच काही घडून गेलंय. "टीचर, हे आपल्यासाठी नाही," म्हणाला आणि कॉमिक शाळेच्या लायब्ररीसाठी म्हणून माझ्याकडे देऊन टाकलं. ते "आपल्यासाठी नाही" मला फार लागलं, म्हणून हे पत्र.

त्याची काहीच चूक नव्हती. अमेझिंग स्पायडरमॅन ही मालिका १९६३ मध्ये सुरू झाली आणि मार्व्हल कंपनीने तिची मोजणी १९९९, २०१४, २०१५, २०१८, २०२२ आणि २०२५ अशी परत परत एकपासून केली, कारण एक आकडा दिसला की नवीन माणूस अंक उचलतो. म्हणजे नंबर एकचे अंकच सात झाले, आणि गोष्ट मात्र मागचीच पुढे चाललेली. बरं खऱ्या पहिल्या अंकापासून वाचायचं म्हटलं तर तेही जमणारं नाही, सुपरमॅन १९३८ मध्ये ज्यात पहिल्यांदा आला त्या अ‍ॅक्शन कॉमिक्सचा १००० वा अंक २०१८ मध्ये निघाला. एवढं सगळं ओळीने वाचायची कुणालाच गरज नाही.

आपण रामायण कुठून सुरू केलं ते आठवून बघा. मी तरी बालकांडापासून नाही केलं. थोडं आजीकडून ऐकलं, थोडं जत्रेला रात्रभर चालणाऱ्या काल्यात, म्हणजे दशावतारी नाटकात बघितलं, तेही आईच्या मांडीवर अर्ध्या झोपेत, संकासुर आला की जाग यायची आणि तो गेला की परत डोळे मिटायचे, आणि तरी राम कोण रावण कोण हे कधी अडलं नाही. सुपरहिरोंचं अगदी तसंच आहे, एक गोष्ट पुरी झाली की बाकीची माणसं हळूहळू ओळखीची होतात.

म्हणून मी मुलांना सांगते, हिरो बघून नाही, गोष्ट बघून पुस्तक निवडा. सुट्टा अंक साधारण वीस-बावीस पानांचा, त्यात गोष्ट अर्धवटच राहते. पाच-सहा अंक एकत्र बांधलेलं पुस्तक मिळतं, त्याला ट्रेड पेपरबॅक म्हणतात, ते घ्यायचं आणि एकाच लेखकाने लिहिलेलं, सुरुवात-शेवट त्यातच असलेलं घ्यायचं. सगळे हिरो एकत्र येऊन जग वाचवतात त्या मोठ्या इव्हेंटच्या वाट्याला सुरुवातीला जाऊ नये, त्यांची गोष्ट दहा वेगवेगळ्या मालिकांत तुकड्या-तुकड्यांनी पसरलेली असते. आणि नेटवर सगळे आधी वॉचमेन वाच म्हणून सांगतात, पुस्तक थोरच आहे पण ते सुपरहिरो या कल्पनेचीच उलटतपासणी घेतं, आणि जो अजून एकाही सुपरहिरोच्या प्रेमात पडलेला नाही त्याला ती उलटतपासणी कशी कळणार, ते वर्षभराने वाचावं.

मोठ्यांना सुरुवात करायची असेल तर मी बॅटमॅन: इयर वन हातात देईन. १९८७ ची चारच अंकांची गोष्ट, लेखक फ्रँक मिलर, चित्रं डेव्हिड मॅझुकेलीची. एकाच दिवशी दोन माणसं गॉथम शहरात येतात, श्रीमंत ब्रूस वेन विमानाने आणि पोलिस अधिकारी गॉर्डन रेल्वेने, आणि मग त्या दोघांचं एक वर्ष. गॉर्डनची गोष्ट मला तर बॅटमॅनपेक्षा जवळची वाटते, लाचखाऊ खात्यात सरळ वागणाऱ्या माणसाला आपलेच सहकारी किती त्रास देतात ते त्यात दाखवलंय. दोघांचं मनातलं बोलणं वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलंय, त्यामुळे नाव न लिहिताही कोण बोलतंय ते कळतं. मात्र हे लहान मुलांना देऊ नका, मारामारी आणि विषय दोन्ही मोठ्यांचे आहेत.

मुलांसाठी, आणि मुलींसाठी तर नक्कीच, २०१४ मध्ये सुरू झालेली मिस मार्व्हल. जी. विलो विल्सन हिने लिहिलेली, पहिल्या पुस्तकाला २०१५ मध्ये विज्ञानकथा-कल्पनारम्य साहित्याचा ह्यूगो पुरस्कार मिळालाय. कमला खान ही अमेरिकेतल्या जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी घरातली सोळा वर्षांची मुलगी, रात्री पार्टीला जायचं नाही म्हणून आई-बाबा अडवतात, ही गुपचूप जाते. शक्ती मिळते तेव्हा ती पहिल्यांदा गोरीपान, सोनेरी केसांची, तिच्या आवडत्या हिरोइनसारखीच दिसायला लागते, आणि जे आयुष्यभर हवं होतं ते मिळाल्यावर तिला त्यात अवघडल्यासारखं होतं. ही पानं मी तीनदा वाचली. आमच्या वर्गातल्या एका मुलीने वाचून "टीचर, आमच्या घरी पण असंच असतं" म्हटलं, तिला मालिकेचा मागचा पुढचा काहीच इतिहास माहीत नव्हता आणि त्यावाचून तिचं काही अडलं नाही.

वेळच नसेल तर स्पायडरमॅनची १९६२ ची पहिली गोष्ट, जुन्या गोष्टींच्या संग्रहांत असते, फक्त ११ पानांची. फोंड्याहून बसमध्ये बसलात तर बाणस्तारी यायच्या आत वाचून होते.

आणि वाचताना घाई नको. आपल्याला फक्त अक्षरं वाचायची सवय, बोलण्याच्या फुग्यातलं वाचलं की नजर पुढच्या चौकटीवर. चित्र पण वाचायचं असतं, कोण कुणाकडे बघत नाहीये, चौकट अचानक मोठी का झाली, दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत काय घडून गेलं. आणखी एक, मुखपृष्ठावरची लेखक-चित्रकारांची नावं वाचा, आवडलं की त्यांचंच दुसरं शोधा, पुढचा रस्ता तिथूनच सापडतो. बॅटमॅन घडवण्यात १९३९ पासून लेखक बिल फिंगरचा मोठा हात होता पण त्याचं नाव अधिकृतपणे लागायला २०१५ उजाडावं लागलं, तोवर तो माणूस जाऊन चाळीस वर्षं झाली होती. मला याचं खरंच वाईट वाटतं.

हे सगळं परक्यांचं आहे असं म्हणणाऱ्या पालकांना मला वेताळाची आठवण करून द्यायचीय. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० निघत होते, मराठीतही यायचे, आणि त्यात ली फॉकचा फँटम मराठीत वेताळ झाला होता. बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो आणि जंगलातल्या लोकांना वाटतं हा मरतच नाही, असे एकवीस वेताळ. आपल्याकडे गोव्यात पैंगीणला, आमोण्याला, लोलयेला बेताळाची, म्हणजे वेताळाचीच देवळं आहेत, तो रात्रीचा गावाची राखण करत फिरतो हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे कवटीची अंगठी घालून जंगलाची राखण करणारा वेताळ आम्हाला कधी परका वाटलाच नाही.

इंग्लिशची अडचण मात्र खरी आहे. आपल्या इथली खूप मुलं चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकतात आणि पाचवीत एकदम सगळं इंग्लिश होतं. अशा मुलाला दोनशे पानांची कादंबरी दिली तर तो घाबरतो, पण कॉमिकमध्ये वाक्य छोटं, बोलण्यातलं, आणि अर्थ चित्रात समोर दिसत असतो. माझ्या वर्गात तरी मी याचा फायदा होताना बघितलाय.

आता मागणं. ही पुस्तकं शाळकरी मुलाच्या खिशाला परवडत नाहीत, वाचनालयांनीच घ्यायला हवीत, पण नीट घ्यायला हवीत. आमच्या भागातल्या एका वाचनालयात एकाच मालिकेचा दुसरा आणि चौथा भाग आहे, पहिला आणि तिसरा नाही, नवीन वाचक तिथेच तुटतो. पणजीला पाटोवरच्या १८३२ पासून चालत आलेल्या आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावातल्या छोट्या वाचनालयापर्यंत सगळ्यांना विनंती, दहा घेऊ नका, तीनच घ्या पण पूर्ण गोष्टीची घ्या, आणि वर "इथून सुरू करा" अशी चिठ्ठी लावा. आपल्या रविवारच्या पुरवणीतही महिन्यातून एकदा अशा एका पुस्तकाची ओळख देता आली तर बघा.

तो आठवीतला मुलगा सध्या कमला खानच्या दुसऱ्या भागावर आहे. ते एक आकड्याचं कॉमिक मी ठेवलंय सांभाळून, त्याला हवं होईल तेव्हा परत देईन. आणि ज्यांच्या घरी माळ्यावर इंद्रजालचे मराठी अंक पडून असतील त्यांनी ते रद्दीत घालू नयेत, फाटके असले तरी चालतील, माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

आपली,
एक शिक्षिका, फोंडा